कोकच्या गावात गॅसची पाइपलाइन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. पावसाळ्यातली पहाट. भट्टीतलं लोखंड वितळायला अजून तासभर आहे, पण लॅडल तापवायचं काम सुरू झालंय. लॅडल म्हणजे लोखंडाचा रस भट्टीपासून साच्यापर्यंत नेणारी मोठी बादली. तिला आतून उष्णता सोसणाऱ्या मातीचं लिंपण असतं. थंड लॅडलमध्ये चौदाशे अंशांचा रस घेतला तर तो साच्यापर्यंत पोचेस्तोवर गारठतो आणि कास्टिंग, म्हणजे साच्यातली ओतीव वस्तू, अर्धवट भरतं. लिंपणात ओल राहिली असेल तर आणखी वाईट, कारण ओलीची क्षणात वाफ होते आणि रस उसळतो. त्या उसळीने भाजलेले हात मी पाहिलेत. म्हणून लॅडल लालभडक होईपर्यंत तापवतात. इतकी वर्षं हे काम डिझेलच्या बर्नरने व्हायचं. कान बसतील असा आवाज, छताला काजळी, आणि शिफ्ट संपल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा.

आता काही शेडमध्ये हेच काम पाइपच्या गॅसवर होतं. निळी ज्योत, आवाज कमी, काजळी नाही. मी बघत उभा होतो तेव्हा तिथले मेस्त्री जवळ आले. चाळीस वर्षं ओतकाम केलेला माणूस. म्हणाले, "सायेब, धूर न्हाई ह्ये खरं. पन पेपरात वाचलं, ह्यो गॅसबी पृथ्वी तापवतोय म्हनून. मग आमी कोक सोडून ह्यात पडलो ते बरं केलं का वाईट?"

कोक म्हणजे दगडी कोळसा हवेविना भाजून केलेलं भट्टीचं इंधन. प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. पण हिशेब मांडता येतो आणि तो कुणालाही कळण्यासारखा आहे.

थंड पातेल्याच्या बुडाला पाणी का येतं?

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. सकाळी थंड पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेरून त्याचं बूड बघा. बारीक दव जमलेलं दिसेल. पातेलं गळत नाहीये. ते पाणी ज्योतीतून आलंय.

नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन. मिथेनच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. उष्णता दोन्हीकडून मिळते, पण पृथ्वी तापवणारी भर फक्त कार्बनच्या वाट्याची. कोक हा जवळजवळ नुसता कार्बन. दगडी कोळशात हायड्रोजन थोडाच. डिझेल मधलं. मिथेनमध्ये मात्र हायड्रोजनचा वाटा सगळ्यात जास्त, म्हणून तेवढ्याच उष्णतेला कार्बन कमी लागतो. पातेल्याच्या बुडाचं दव हा त्याचाच पुरावा.

आता आकडे. एक घनमीटर गॅसमधून साधारण एक लिटर डिझेलइतकी उष्णता मिळते. ही तुलना लक्षात ठेवायला सोपी आहे, म्हणून तीच माप म्हणून धरू. एवढ्या उष्णतेसाठी गॅस जाळला तर सुमारे २ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलमधून पावणेतीन किलोच्या आसपास. तेवढीच उष्णता आपल्या देशी कोळशातून काढायची तर दोन किलोच्या वर कोळसा लागतो आणि ३.४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. कोकमधून काढायची तर सव्वा किलो कोक आणि जवळपास ३.९ किलो. म्हणजे कोकच्या जागी गॅस आला तर उत्सर्जन जवळजवळ निम्मं.

त्यात राख नाही, गंधकाचा धूर नगण्य, काजळी नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून होणारी घातक ऑक्साइडं मात्र गॅसच्या ज्योतीतही तयार होतात. ज्योत जितकी जास्त तापते तितकी ती जास्त. म्हणून बर्नर नीट जुळवून घ्यावा लागतो. तरीही भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या छातीला हा बदल पहिल्याच दिवशी जाणवतो. हवामानाचं गणित बाजूला ठेवलं तरी केवळ या कारणासाठी मी गॅसच्या बाजूने बोलेन.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. आग्र्यात ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये तिथल्या कारखान्यांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूवर या, नाहीतर जागा सोडा, असा आदेश दिला. त्यात आपल्यासारख्याच लोखंडाच्या फाउंड्र्या होत्या. गुजरातेत मोरबीच्या टाइल्सच्या कारखान्यांत कोळशापासून तिथल्या तिथे गॅस करणाऱ्या भट्ट्या होत्या. २०१९ मध्ये हरित लवादाने त्या बंद करायला लावल्या आणि अख्खा उद्योग पाइपच्या गॅसवर गेला. अमेरिकेचं उदाहरण याहून मोठं. २००५ च्या सुमारास तिथली निम्मी वीज कोळशावर व्हायची. आज तो वाटा पाचव्या हिश्शाहूनही खाली आलाय. कोळशाची बरीचशी जागा गॅसने घेतली, उरलेली वारा-उन्हाने. त्या देशाच्या वीजक्षेत्राचं उत्सर्जन घटलं त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.

मग मेस्त्रींनी पेपरात वाचलं ते खोटं का? नाही. तेही खरंच आहे.

न जळलेला गॅस

जळलेल्या गॅसचा हिशेब वर झाला. खरी गोम न जळलेल्या गॅसमध्ये आहे. विहिरीतून काढताना, पाइपातून वाहताना, जहाजात भरताना, घरातल्या सैल नळीतून, जिथे कुठे मिथेन तसाच हवेत सुटतो तिथे तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पटींनी जास्त उष्णता अडवतो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार, एक किलो मिथेन शंभर वर्षांचा काळ धरला तर सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. वीसच वर्षं धरली तर ८० किलोंहून जास्त. मिथेन हवेत सरासरी डझनभर वर्षंच टिकतो, म्हणून त्याचा तडाखा सुरुवातीलाच बसतो. पुढची वीस वर्षं म्हणजे माझ्या-तुमच्या मुलांची तरुणपणाची वर्षं.

आपल्या एक घनमीटरच्या मापाला हे लावून बघू. एक घनमीटर मिथेनचं वजन जेमतेम सातशे ग्रॅम. शंभरातला एक भाग गळाला तर सात ग्रॅम. वीस वर्षांच्या मापाने ते जवळपास ५७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं झालं. डिझेलऐवजी गॅस वापरून आपण वाचवले होते सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाटेत सव्वा टक्का गळती झाली की डिझेलवरचा सगळा फायदा संपला. कोळशावरचा फायदा संपायला अडीच टक्के गळती लागते, कोकवरचा संपायला सव्वातीन टक्के. शंभर वर्षांचं माप धरलं तर या मर्यादा अडीच-पावणेतीन पटींनी सैल होतात. तेल काढताना आणि कोळशाच्या खाणीतूनही मिथेन सुटतो. तो मी इथे धरलेला नाही. धरला तर गॅसची बाजू थोडी आणखी सुधारते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात आणि माझं सगळं म्हणणं त्या दोन गोष्टींतच आहे. गॅस चांगला की वाईट हे तो कशाच्या जागी येतो यावर ठरतं. आणि गळती किती यावर ठरतं.

गळती म्हणजे कुठल्यातरी परदेशी विहिरीची गोष्ट, असं समजून चालणार नाही. शहरात गॅसची पिवळी किंवा नारिंगी प्लास्टिकची पाइप साधारण मीटरभर खोल पुरलेली असते आणि तिच्या वर इशारा देणारी पट्टी अंथरलेली असते. कोल्हापुरातले रस्ते किती वेळा खणले जातात ते आपल्याला माहीत आहे. आज पाण्याची लाइन, उद्या ड्रेनेज, परवा इंटरनेटची केबल. जेसीबीचा एक दात पट्टी फाडून पाइपमध्ये घुसला की कॉक बंद होईपर्यंत गॅस हवेत जातो. आग लागली नाही म्हणून आपण सुटलो असं म्हणतो, पण सुटलेला मिथेन वर गेलेला असतो. खणण्याआधी गॅस कंपनीला फोन करणं ही मला हवामानासाठी एका सामान्य ठेकेदाराला करता येण्यासारखी मोठी गोष्ट वाटते.

घरातही तेच. मिथेनला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. टाकीतला एलपीजी हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा जवळजवळ निम्मा हलका, तो वर चढतो, म्हणून पाइपगॅस असलेल्या स्वयंपाकघरात छताजवळची जाळी कधी बुजवायची नाही. दाब अगदी कमी, एकवीस सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. आमच्या काकूंच्या घरी कळंब्याला जोडणी आली तेव्हा बसवायला आलेल्या पोराने वाटीत साबणाचं पाणी केलं, ब्रश बुडवून प्रत्येक जोडाला लावलं आणि मिनिटभर बघत बसला. एका जोडावर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, परत आला. त्याने पान्याने पाव फेरा आवळला. बुडबुडा थांबला. काकू म्हणाल्या, "एवढ्याशानं काय होतंय?" त्यावर तो म्हणाला, "काकू, हे चोवीस तास चालू असतंय की." मला ते वाक्य फार आवडलं.

आपल्या जिल्ह्यात कुठे हवा, कुठे नको

गॅस सगळीकडे लावा असं मी म्हणणार नाही. गावातलं एकेक काम घेऊन बघू.

लोखंड वितळवणं. इथे मला आधी वाटायचं की क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, बंद करून विजेची इंडक्शन भट्टी घेतली की काम झालं. गणित केल्यावर थांबलो. क्युपोलात एक टन लोखंडाला १२०-१३० किलो कोक धरला तर चारशे किलोंच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो. इंडक्शन भट्टीला एका टनाला साडेपाचशे ते सहाशे युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे आज सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची. म्हणजे इथेही चारशे किलोच. धूर शिरोलीतून हलला आणि औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघाला. तरीही मी इंडक्शनच घ्या म्हणेन. ग्रिडमध्ये दरवर्षी सौर आणि वाऱ्याची भर पडतेय, त्यामुळे तीच भट्टी, काही न बदलता, वर्षागणिक स्वच्छ होत जाणार. क्युपोला पंधरा वर्षांनीही तेवढाच कोक खाणार. ज्यांना विजेचा भार मिळत नाही किंवा भांडवल परवडत नाही त्यांच्यासाठी गॅसवरचा क्युपोला हा पर्याय आहे. तसे क्युपोला आग्र्यात बसले होते.

वितळवण्याच्या आधीची आणि नंतरची कामं मात्र गॅससाठीच जणू बनलेली आहेत. लॅडल तापवणं, कोअर (साच्यात पोकळीसाठी ठेवायचा वाळूचा गाभा) भाजणं, कास्टिंगची हीट ट्रीटमेंट. या कामांना खुली ज्योत किंवा भट्टीभर सारखी उष्णता लागते, आणि आजवर तिथे डिझेल, फर्नेस ऑइल किंवा एलपीजी जळत आलंय. बर्नर बदलायचा खर्च भट्टी बदलण्याच्या मानाने फार कमी. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. ऑइल इंजिनाच्या काळापासून या गावाने ओतकामावर पोट भरलंय, शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्या त्याची साक्ष देतात. इथली प्रत्येक डिझेलची ज्योत गॅसची झाली तर तो छोटा बदल राहणार नाही.

इचलकरंजी. सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसना वाफ लागते, रात्रंदिवस. बॉयलरच्या तोंडाशी लाकडाचे ओंडके किंवा कोळसा. गॅसवरचा बॉयलर बटणावर चालू होतो, मागणीप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि वस्तीतल्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडत नाही. अडचण फक्त भावाची, तिच्याकडे येतोच.

हुपरीच्या चांदी कारागिराला डाग लावायला, म्हणजे सांधे जोडायला, छोटी, तेज ज्योत लागते. तिथे पाइप पोचली तर टाक्या वाहण्याचा त्रास वाचेल. हवामानाच्या दृष्टीने फरक थोडा.

गुऱ्हाळाला गॅस नको. चुलवाणात चिपाड जळतंय, ते उसाचंच आहे, उसाने हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जातो. तिथे काम करायचंच असेल तर चुलवाण सुधारा, कमी चिपाडात जास्त गूळ काढा.

रिक्षाबद्दल माझं मत बदललंय. दिल्लीने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर बसगाड्या सीएनजीवर आणल्या आणि डोळे चुरचुरायचे थांबले, ते त्या काळी बरोबरच होतं. आज गावातल्या गावात पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्या रिक्षाने पेट्रोलवरून थेट बॅटरीवर जावं. सीएनजीचा जास्त उपयोग आहे लांब पल्ल्याच्या मालट्रकना.

घरगुती जोडणीबद्दल लोकांना वाटतं की पाइपगॅस घेतला म्हणजे पर्यावरण वाचवलं. १४.२ किलोच्या टाकीतून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तेवढीच उष्णता पाइपच्या गॅसमधून घेतली तर ३६. फरक आहे, पण लहान. मोठा फरक पडतो तो चुलीवरून गॅसवर येताना, तिथे बाईची फुप्फुसं वाचतात. पाइपचा दुसरा फायदा २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, टँकर अडकले, टाकी मिळेना, दूध मिळेना. पाइपच्या गॅसला टँकरची वाट बघावी लागत नाही. २०२१ मध्ये परत पाणी ५५ फुटांपुढे. प्रत्येक महापुराला एकटं हवामान जबाबदार नसतं, नदीपात्रातली बांधकामं आणि धरणांचं पाणीही असतं. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते घाटावर आदळलं की खाली येतंच. ज्यांच्या उंबऱ्याला दोनदा पाणी लागलंय त्यांच्यासाठी हा हिशेब कागदावरचा नाही.

आता वीज. गॅसवर वीज करावी का? भारतात गॅसवर चालणारी वीस हजार मेगावॅटच्या आसपासची केंद्रं उभी आहेत आणि त्यातली बहुतेक बहुतेक वेळ बंद असतात, कारण आयात गॅस कोळशापेक्षा महाग. आपल्या खालीच, गुहागर तालुक्यात दाभोळला १,९६७ मेगावॅटचं केंद्र आहे. स्वस्त देशी गॅस मिळेल या भरवशावर ते सुरू ठेवलं गेलं, तो गॅस आटला आणि केंद्र वर्षानुवर्षं क्षमतेच्या कितीतरी खाली राहिलं. चोवीस तास गॅसची वीज हे आपल्याला परवडणारं काम नाही. पण संध्याकाळचे चार तास वेगळे. सूर्य मावळला की सौर वीज शून्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. कोळशाचं केंद्र थंड असेल तर पेटायला कित्येक तास घेतं. गॅसचं टर्बाइन अर्ध्या तासात पूर्ण जोरावर येतं. हीच भूमिका आपल्याकडे कोयना निभावते: १,९६० मेगावॅट, झडप उघडली की काही मिनिटांत वीज. कोयनेचं पाणी मोजून मिळतं, बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात तरी अजून पुरेशा नाहीत. त्या मधल्या काळात उभी असलेली गॅसकेंद्रं संध्याकाळपुरती वापरणं शहाणपणाचं. नवी बांधू नयेत.

गॅस येतो कुठून, आणि भाव का उडतो

दाभोळपासून बंगळुरूला जाणारी सुमारे हजार किलोमीटरची गॅसवाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. ती आपल्या जिल्ह्यातून जाते. त्याच वाहिनीमुळे कोल्हापूरला पाइपगॅस शक्य झाला. दाभोळच्या बंदरात गॅस जहाजाने येतो, उणे १६२ अंशांना थंड करून द्रव केलेला. तेवढ्या थंडीत त्याचं आकारमान सहाशे पटींनी आक्रसतं, म्हणून एका जहाजात अख्ख्या शहराचा साठा मावतो. किनाऱ्यावर तो परत ऊबदार करून वायू करतात. लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने दाभोळला बरीच वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. तेव्हा गॅस गुजरातेतून पनवेलमार्गे यायचा.

या थंड करण्याला फुकट काही मिळत नाही. गॅसमधल्या ऊर्जेचा आठ-दहा टक्के भाग द्रव करण्यातच खर्च होतो. म्हणजे आयात गॅसच्या प्रत्येक घनमीटरवर दोनशेएक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आपल्या दारात येण्याआधीच चढलेला असतो. वरच्या हिशेबात हे मिळवलं तर डिझेलवरची आघाडी आणखी पातळ होते, कोकवरची तरीही भक्कम राहते. म्हणूनच माझा आग्रह: गॅस आधी कोक आणि कोळशाच्या जागी जावा.

देश वापरतो त्यातला जवळपास निम्मा गॅस आयात होतो. सगळ्यात जास्त कतारमधून, आणि कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने जगभरातला गॅस पडेल त्या भावाने उचलला आणि आपल्याकडे दर भडकले. मोरबीच्या ज्या कारखान्यांनी कोळसा सोडून गॅस घेतला होता, त्यातल्या अनेकांनी पाइपगॅस सोडून प्रोपेनच्या टाक्या बसवल्या. त्यांना दोष देता येत नाही. महिन्याच्या पगाराची काळजी असलेला मालक हवामानाच्या हिशेबावर कारखाना चालवू शकत नाही. छोट्या उद्योगाला गॅसवर आणायचं असेल तर काही वर्षांचा ठरलेला भाव द्यावा लागेल, नाहीतर ज्योत निळीवरून परत पिवळी व्हायला वेळ लागत नाही.

केंद्र सरकारने देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के करायचं ठरवलंय. आज तो सहा-सात टक्के आहे. टक्का वाढवणं हेच ध्येय मानलं तर चूक होईल. गॅसने सौर विजेची जागा खाल्ली तर टक्का वाढेल आणि कार्बनही वाढेल. भारताने २०७० ही निव्वळ शून्य उत्सर्जनाची मुदत मान्य केलीय. जमिनीत पुरलेली पाइप तीस-चाळीस वर्षं तरी टिकते. म्हणजे आज टाकलेल्या पाइपमधून पुढे काय वाहणार, हे आत्ताच बघायला हवं.

काही जण म्हणतात, हायड्रोजन. गुजरातेत कवास इथे २०२३ च्या जानेवारीपासून घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून बघितला जातोय, आधी पाच टक्के, मग आठ. प्रयोग चांगला आहे. पण हायड्रोजनमध्ये तेवढ्याच आकारमानाला गॅसच्या एक तृतीयांशाहून कमी उष्णता असते. आठ टक्के मिसळून कार्बन तीन टक्केही कमी होत नाही. कोल्हापूरला याहून जवळचा रस्ता आहे, आणि तो आपल्या साखर कारखान्यांच्या मागच्या अंगणातून जातो.

प्रेसमड

उसाचा रस गाळला की मागे जो काळपट, ओलसर, गोडूस आंबट वासाचा गाळ उरतो तो प्रेसमड. हंगामात कारखान्याच्या मागे त्याचे डोंगर लागतात. पावसाळ्यात त्याचं पाणी ओढ्याला उतरतं आणि त्या ढिगातून मिथेनही सुटत राहतो, कुणाला न दिसता. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यातून रोज पावणेदोनशे टनांच्या आसपास प्रेसमड निघतो. बंद टाकीत, हवेविना, तो जिवाणूंना खाऊ घातला तर साधारण पंचवीस टनांमागे एक टन शुद्ध केलेला बायोगॅस मिळतो. म्हणजे दिवसाला सात टन. याला सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणतात. दारातल्या गोबर गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आतबाहेर असतो, बाकी कार्बन डायऑक्साइड आणि थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो धुऊन काढला की मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर जातो आणि पाइपच्या गॅसच्या जोडीला बसतो.

हा मिथेन जळाला तरी कार्बन मागच्याच वर्षी उसाने हवेतून घेतलेला. आणि प्रेसमड उघड्यावर कुजला असता तर सुटला असता तो मिथेनही वाचला. वरच्या ८० पटींच्या हिशेबात बघितलं तर हा दुहेरी फायदा आहे. टाकीत उरलेली मळवणी परत शेताला जाते, म्हणजे शेतकऱ्याचं खत हिरावलं जात नाही. हे शेतकऱ्याला आधी सांगायला हवं, कारण प्रेसमड आज तोच उचलतो.

अडचणी आहेत. हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि प्रेसमड साठवला तर त्याचा कस उतरत जातो. उरलेल्या महिन्यांत टाकीला दुसरं काहीतरी खायला लागतं. तिथे आपल्या जिल्ह्याच्या गोठ्यांचं शेण आणि शहराचा ओला कचरा येतो. इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू केला, त्यातून दिवसाला १७ टनांच्या आसपास गॅस निघावा अशी त्याची रचना आहे. तिथे हे जमलं कारण घराघरांत कचरा वेगळा होतो. प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यावर टाकी आजारी पडते.

केंद्राने २०१८ मध्ये सीबीजीची योजना आणली, आणि आता शहरी गॅस कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये ठरावीक सीबीजी मिसळणं बंधनकारक केलंय: २०२५-२६ ला एक टक्का, वाढत वाढत २०२८-२९ पासून पाच. पाच टक्के फार नाहीत. पण ऊस आणि दूध या दोन पायांवर उभ्या असलेल्या जिल्ह्याने देशाच्या सरासरीवर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं मी मेस्त्रींना एका बैठकीत सांगितलं नाही. चहाच्या दोन-तीन फेऱ्यांत, लॅडल तापेपर्यंत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. प्रेसमडपाशी आलो तेव्हा ते थांबले. त्यांचं गाव कागलकडचं, दोन एकर ऊस. म्हणाले, "म्हंजी आमच्याच उसाच्या गाळाचा गॅस ह्या नळीतनं यील?"

"येईल."

"मग बर्नर बदलाय लागंल का?"

"नाही मेस्त्री. मिथेन तो मिथेनच."

त्यांनी मान हलवली. लॅडल तापून शेंदरी झाली होती. त्यांनी कॉक बंद केला, ज्योत विझली. मग कोपऱ्यातली साबणाच्या पाण्याची वाटी घेतली, नळीच्या जोडाला ब्रश फिरवला आणि चष्मा वर करून वाकून बघत राहिले.